धोंडुबाईची साक्ष

नानासो सुट्टीवर यायचा तेव्हा दह्याचीवाडीतली माणसं त्याला भेटायला यायची, आणि त्याची बायको लीला दिवस मोजायला लागायची. वर्षातून एकदा, दोन महिने. कराड स्टेशनवरून तो जीपनं यायचा. मागं काळी पत्र्याची ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव. म्हातारी माणसं त्याच्याकडून सरहद्दीच्या गोष्टी ऐकत, पोरं भरतीची चौकशी करत. तो सगळ्यांशी नीट बोलायचा. गावात त्याच्याविषयी वाकडा शब्द कुणी काढला नसता.

पहिला दिवस असा माणसांत जायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण झालं, की तो लीलाला समोर बसवायचा आणि गेल्या दहा महिन्यांचा जाब घ्यायचा. उसाला पाणी पाजायला कोण आलं होतं, पोस्टमनशी ती किती वेळ बोलली, औंधच्या यात्रेला माहेरी गेली तेव्हा कुठल्या गाडीनं गेली, शेजारी कोण बसलं होतं. आवाज चढवत नसे. उत्तर आधीच्या उत्तराशी जुळलं नाही की कमरेचा पट्टा काढायचा आणि बक्कलाच्या बाजूनं मारायचा. पाठीवर, मांड्यांवर, लुगड्याखाली झाकलं जाईल तिथं. मारून झालं की पट्टा पुसून खुंटीला लावायचा आणि चहा मागायचा.

त्र्याण्णवच्या सुट्टीत मात्र त्याला झाकपाक सुचली नाही. शिवांजली, त्यांची पोर, तेव्हा दोन वर्षांची होती. ती बापाला ओळखेना, जवळ जाईना. तूच तिला शिकवलंस, असं म्हणून त्यानं लीलाच्या डाव्या कानाखाली अशी मारली की ती भिंतीवर आदळली. कानातून आधी पाणी आलं, मग रक्त. दोन दिवस घरातली सगळी माणसं तिला विहिरीच्या तळातून बोलत असल्यासारखी ऐकू येत होती. नंतर त्या कानात काहीच येईना.

तो परत पलटणीला गेल्यावर ती पोरीला घेऊन औंधला माहेरी गेली. बाप नव्हता. आई बाळाबाई आणि सांगलीला हळदीच्या वखारीत हमाली करणारा भाऊ गुंडा, एवढंच माहेर. आठ दिवसांनी सासरा जोतिबा चार माणसं घेऊन न्यायला आला. जोतिबाही फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला, गावात शब्दाला मान असलेला. यमाईच्या पायरीवर त्यानं भंडारा उचलला आणि माझ्या घरात पुन्हा सुनेवर हात उगारला जाणार नाही, असं सगळ्यांदेखत सांगितलं. बाळाबाईनं लेकीची ओटी भरली. लीला परत आली.

जोतिबाचा शब्द पुढच्या सुट्टीच्या सहाव्या दिवसापर्यंत टिकला. सहाव्या दिवशी नानासोनं तिला गोठ्यात गव्हाणीला धरून तुडवलं. जोतिबा ओसरीत होता. त्यानं खाकरून घसा साफ केला आणि मळ्याकडे निघून गेला.

त्या वेळी लीला पहिल्यांदा पोलिसांकडे गेली. सुजलेल्या तोंडानं चार मैल चालत. ठाण्यातल्या माणसानं ऐकून घेतलं, फौजी माणूस आहे, ताणात असतो, असं समजावलं. अदखलपात्र म्हणून एक नोंद केली आणि चिठ्ठी हातात दिली. फार झालं तर कोर्टात जा, असंही म्हणाला. ती घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. नानासो दारातच उभा होता. त्यानं चिठ्ठी मागितली, शांतपणे वाचली, तिचे चार तुकडे केले आणि तिचा जबडा धरून एकेक तुकडा तिच्या तोंडात कोंबला. गिळेपर्यंत नाक दाबून धरलं. मग तिच्या पाठीत गुडघा घालून विचारलं, पोट भरलं का.

सासू धोंडुबाई चुलीपुढं बसून भाकरी थापत होती. तिनं वर बघितलं नाही. भाकरी मात्र तव्यावर करपली, आणि त्या करपलेल्या भाकरीवरूनही नानासोनं आईला शिवी दिली.

उपकेंद्राची नर्स नीलिमा महिन्यातून एकदा डोस पाजायला वाडीत यायची. बौद्धवाड्यातल्या शाळामास्तराची मुलगी, स्वतः शिकून नोकरीला लागलेली. शिवांजलीला इंजेक्शन देताना तिनं दोनदा हाक मारली, लीलानं ऐकलं नाही. तिसऱ्यांदा नीलिमा उजव्या बाजूला येऊन बोलली. मग तिनं काही न विचारता बॅटरीनं कान बघितला. पडदा फाटलाय, म्हणाली. कुणी मारलं, हे तिनं विचारलं नाही, कारण लीला रडायला लागली होती. त्यानंतर ती दर महिन्याला लीलाच्या घरी थोडी जास्त वेळ थांबायला लागली.

तिच्याकडून लीलाला दोन गोष्टी कळल्या. एक म्हणजे नवऱ्याचा मार हा कायद्यानं गुन्हा आहे, त्याला चारशे अठ्ठ्याण्णव अ असं कलम आहे आणि त्याची नोंद अदखलपात्र म्हणून करायची नसते. दुसरी म्हणजे फौजी माणसाची बायको थेट त्याच्या पलटणीच्या साहेबाला पत्र लिहू शकते. पगारातून पोरीच्या नावानं काही वळतं करता येतं, आणि साहेबाचा दाब बसतो तो वेगळाच. लीला सातवी शिकलेली होती. पंच्याण्णवच्या जानेवारीत, जनावरांना वैरण टाकून झाल्यावर, गोठ्यात बसून तिनं चार पानं लिहिली. कान, गोठा, चिठ्ठी, सगळं. नीलिमानं ते पत्र कराडच्या टपालात रजिस्टर केलं.

मार्चमध्ये पलटणीचं उत्तर आलं. चौकशी चालू आहे, असं दोन ओळींचं. आणि मे महिन्यात नानासो आला.

या खेपेला त्यानं जाब घेतला नाही. आठ दिवस तो तिच्याशी एक शब्द बोलला नाही. पोरीला खांद्यावर घेऊन नदीला गेला, उसाची बांधणी बघितली, बापाबरोबर बाजाराला गेला. लीलाला वाटायला लागलं की पत्राचा उपयोग झाला. नवव्या दिवशी दुपारी जोतिबा मळ्यात होता, पोर शेजारच्या सुलाबाईकडे खेळत होती. लीला पाट्यावर मिरच्या वाटत होती. नानासो आत आला, खिशातून कागद काढून तिच्यापुढं धरला. तिच्याच पत्राची नक्कल होती ती.

"कुठल्या हातानं लिवलंस?" त्यानं विचारलं.

ती उठली. तो दारात उभा असल्यानं तिला बाहेर जाता येईना. त्यानं सांगितलं, साहेबानं मला सगळ्या कंपनीपुढं उभं केलं, माझ्याहून धाकट्या पोरांपुढं हे वाचून दाखवलं. लीला म्हणाली, पोरीसाठी लिहिलं. त्यानं तिच्या झिंज्या धरल्या आणि तिला पाट्यापाशी खाली पाडलं. तेवढ्यात दाराबाहेर बांगड्यांचा आवाज झाला. धोंडुबाई अंगणातून आली होती. उंबऱ्याच्या पलीकडून तिनं आत बघितलं, लीलाची आणि तिची नजर एक झाली. लीला म्हणाली, "आत्ती, धरा त्यास्नी."

दार बाहेरून ओढलं गेलं. कडी लागल्याचा आवाज लीलानं उजव्या कानानं स्पष्ट ऐकला.

नानासोनं तिच्या मनगटावर गुडघा ठेवला आणि उजवा हात पाट्यावर चेपला. मिरचीचा लगदा बोटांना लागून आग होत होती, हे तिला नंतरही आठवायचं. त्यानं वरवंटा दोन्ही हातांनी उचलला. पहिल्या घावाला तिला हाड मोडल्याचा आवाज आला, दुखलं नाही. दुसऱ्या घावाला ती ओरडली. तिसरा घाव पडताना तिची शुद्ध गेली होती. ती शुद्धीवर आली तेव्हा तो तिच्या पोटात लाथा घालत होता आणि दमल्यामुळं मध्ये मध्ये थांबत होता.

नंतर त्यानं दार ठोठावलं. आईनं कडी काढली. तो हात धुऊन बाहेर ओसरीत जाऊन बसला.

बैलगाडीतून तिला प्राथमिक केंद्रात नेलं ते जोतिबा आणि धोंडुबाईनंच. दोघांनी तिथं सांगितलं की माळ्यावरून पाटा काढताना तो हातावर पडला. डॉक्टर एकटेच होते, बाहेर रांग होती. ते तसंच लिहायला लागले. नीलिमा त्या दिवशी केंद्रात होती. तिनं लीलाची बोटं बघितली, गालावरचा वळ बघितला. मग म्हाताऱ्यांना सांगितलं की जखम धुवायची आहे, बाहेर थांबा. जोतिबा हलेना. तेव्हा तिनं त्याच्यासमोर दार ढकलून घेतलं आणि डॉक्टरांना म्हणाली, "सर, पाटा पडला तर एकदाच पडंल. हे तीनदा पडलंय. पेशंटला विचारा."

डॉक्टरांनी विचारलं. लीलानं सांगितलं. त्यांनी आधीची ओळ खोडली, खोडल्यावर सही केली आणि खाली नव्यानं लिहिलं: नवऱ्यानं वरवंट्यानं मारल्याचं रुग्ण स्वतः सांगते. मग पोलिसांना कळवण्याच्या रकान्यात वेळ टाकली. दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. गाडी बोलावून तिला सांगलीच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. गाडीत नीलिमा बरोबर गेली. सांगली जवळ आल्यावर नीलिमा बोलायला लागली. पत्र मी लिहायला लावलं, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

सांगलीला तर्जनी आणि मधलं बोट काढावं लागलं. तिसरं वाचलं, पण वाकडं राहिलं. पोटातलं रक्त थांबायला चार दिवस लागले.

फौजदार जबाब घ्यायला खाटेपाशी आले तेव्हा गुंडा शेजारी उभा होता. घरातल्या सगळ्यांची नावं घाल, असं तो बहिणीला बजावत होता. सासरा, सासू, पुण्याची नणंद. सगळे आत गेले पाहिजेत. फौजदारांनीही विचारलं, आणखी कुणी मारहाण केली का, कुणी मदत केली का. मारलं एकट्यानं, असं लीला म्हणाली. कडीचं तिनं सांगितलं नाही. का नाही, ते तिलाही तेव्हा सांगता आलं नसतं. डाव्या हाताचा अंगठा उठवून झाल्यावर ती भिंतीकडे तोंड करून पडली.

नानासोला सुट्टी संपायच्या आत अटक झाली. पलटणीला तार गेली. तीन आठवड्यांनी कोर्टानं जामीन दिला, पण फिर्यादीच्या आसपास फिरकायचं नाही अशी अट घातली. लीला सांगलीत गुंडाच्या दोन खोल्यांत राहायला आली. शिवांजलीला आणायला गुंडा स्वतः दह्याचीवाडीला गेला. सोबत फौजदारांनी एक शिपाई दिला होता, म्हणून पोर मिळाली.

हात बांधलेला असतानाच लीला गुंडाच्या वखारीत हळकुंडं निवडायला बसली. डाव्या हातानं. राहीबाई नावाची मुकादमीण होती तिथं, साठीची, घसा बसलेली. तिनं पहिल्या दिवशी लीलाचा हात बघितला आणि तिला उजेडाची जागा दिली. फुकट वकील मिळतो, कोर्टातच अर्ज करायचा असतो, हे तिनंच सांगितलं. तिच्या थोरल्या लेकीच्या वेळी हे कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून लेक गेली, एवढंच ती म्हणाली.

दिवाळीच्या आधी एका दुपारी नानासो वखारीपाशी आला. पांढरा शर्ट, तांबडे बूट. हातात स्टँपपेपर होता. तडजोड झाली, तक्रार नाही, असं टाइप केलेलं. लीला पाणी प्यायला बाहेर आली होती. त्यानं तिचा केसांचा बुचडा धरला आणि तिला मार्केटच्या रस्त्यावरून ओढत टेंपोच्या आडोशाला नेलं. अंगठा कर, म्हणाला. तिनं मूठ आवळली. त्यानं तिचं डोकं टेंपोच्या फाळक्यावर आपटलं. एकदा, मग पुन्हा. भुवई फुटली, डोळ्यात रक्त उतरलं. मूठ उघडेना म्हणून त्यानं बुटाच्या टाचेनं तिच्या हातावर पाय दिला, त्या अर्ध्या हातावरच. रस्त्यात माणसं होती. अडत्ये, हमाल, सायकलवाले. ती उभी राहिली आणि बघत राहिली. नवराबायकोचं भांडण आहे, असं कुणी तरी म्हणालं.

लीला ओरडली नाही, तिच्यानं ओरडवेना. ओरडली ती राहीबाई, वखारीच्या दारातून. तिच्या मागून बायका बाहेर आल्या. बारा-चौदा जणी, सकाळपासून हळदीत बसलेल्या. त्यांनी त्याला धरलं. त्यानं एकीच्या तोंडावर ठोसा मारला, तिचे दोन दात पडले, पण तिनं त्याचा हात सोडला नाही. कुणी त्याच्या दंडाला चावलं, कुणी मापाच्या शेरानं त्याच्या नडगीवर हाणलं. राहीबाईनं त्याला खाली पाडून छातीवर बसकण मारली आणि पोलीस येईपर्यंत उठली नाही. पंचनाम्यात सांगलीच्या पोलिसांनी त्याचा शर्ट जप्त केला. त्यावर पिवळ्या हातांचे एकोणीस ठसे मोजले. फाटका स्टँपपेपरही जप्त केला.

फुकट मिळालेल्या वकीलबाईंनी तोच पंचनामा सरकारी वकिलांना नेऊन दिला. त्यांनी तो कराडच्या कोर्टापुढं ठेवला, जामीन रद्द झाला. नानासो तुरुंगात राहिला. लीलाला त्या दिवसापासून झोप लागायला लागली.

खटला उभा राहायला सत्त्याण्णवचा फेब्रुवारी उजाडला. तोवर दह्याचीवाडीतून एकही साक्षीदार उरला नव्हता. पोर जिच्याकडे खेळत होती त्या सुलाबाईनं त्या दिवशी मी माहेरी होते असं शपथेवर सांगितलं. लीलाकडे बघायचं टाळत ती पिंजऱ्यातून उतरली. नीलिमा टिकली. उलटतपासणीत नानासोच्या वकिलानं तिला विचारलं की आरोपीच्या समाजाविषयी तुमच्या मनात राग आहे का. नीलिमा म्हणाली, माझ्या मनात काय आहे ते राहू द्या, रजिस्टर डॉक्टरांच्या हातचं आहे. तरी वकिलानं एक फट पाडलीच: आधी पाटा पडला असं लिहिलं होतं, मग खोडलं. का खोडलं? कुणाच्या सांगण्यावरून? घरात प्रत्यक्ष बघणारं कुणी होतं का?

बघणारं कुणी नव्हतं, असा वकिलांचा समज होता. त्या फटीतून नानासो सुटेल असं वकीलबाईंनाही वाटायला लागलं. त्यांनी लीलाला तसं स्पष्ट सांगितलं.

बचावाच्या बाजूनं एकच साक्षीदार होती. आरोपीची आई. वकिलानं तिची तयारी करून घेतली होती. दार उघडं होतं, मी अंगणात धान्य पाखडत होते, माळ्यावरून पाटा पडताना मी बघितला. एवढं बोलायचं आणि उतरायचं. जोतिबा मागच्या बाकावर फेटा बांधून बसला होता. लीला भिंतीला टेकून उभी होती. पोलिसांनी नानासोला आणलं. त्यानं आईकडे बघून मान हलवली.

धोंडुबाई पिंजऱ्यात चढली. ती फार वाळली होती. शपथ घेऊन झाल्यावर वकिलानं तिचं नाव, वय विचारलं. मग विचारलं की प्रसंगाच्या वेळी घराचं दार उघडं होतं ना.

"बंद हुतं," धोंडुबाई म्हणाली.

वकिलाला वाटलं म्हातारीला ऐकू आलं नाही. त्यानं प्रश्न पुन्हा विचारला.

"ऐकलं म्या. दार बंद हुतं. भायेरनं कडी म्या घातली."

वकील म्हणाला, साक्षीदार गोंधळल्या आहेत, मला पुढं काही विचारायचं नाही. सरकारी वकील उठले. कडी का घातली, एवढंच त्यांनी विचारलं.

धोंडुबाई न्यायाधीशांकडे बघून बोलत राहिली. तिनं सांगितलं की लेकाचा हात चालू झाला की शेजारपाजारचं कुणी आत येऊ नये म्हणून ती दर वेळी कडी घालायची. तिच्या सासूनं तिच्या वेळी तशीच घातली होती, पहिलं पोर पोटातच गेलं त्या दिवशी. बोलताना तिनं जोतिबाकडे बोट केलं नाही, नावही घेतलं नाही. बाकावरच्या माणसांनी आपणहून माना वळवून त्याच्याकडे बघितलं.

"आतून काय ऐकलंत?" सरकारी वकिलांनी विचारलं.

"तिनं मला हाक मारली, धरा म्हणून. मग वरवंट्याचा आवाज आला. तीन येळा. दुसऱ्याला वरडली ती. तिसऱ्याला न्हाई." धोंडुबाईनं पदरानं तोंड पुसलं. "म्या कडीला हात लावून तितंच बसल्याली. काढली न्हाई."

नानासो पुढं झेपावला. आई आहेस का कोण आहेस, असं काही तरी तो म्हणाला आणि आरोपीच्या पिंजऱ्याच्या कठड्यावर त्यानं दोन्ही मुठी आपटल्या. दोन शिपायांना त्याला आवरता येईना, तिसरा आला. न्यायाधीशांनी धोंडुबाईला इशारा दिला की तुमच्याच बोलण्यानं तुम्ही गुन्ह्यात येऊ शकता, विचार करून बोला. धोंडुबाई म्हणाली की विचार करायला दोन वर्षं होती.

पंधरा दिवसांनी निकाल लागला. छळ आणि गंभीर दुखापत, दोन्ही कलमांखाली मिळून तीन वर्षं सक्तमजुरी. फौजेनं त्याला आधीच कमी केलं होतं. धोंडुबाईवर सरकारनं काही केलं नाही. लीलाला पोटगीचा वेगळा हुकूम मिळाला, पण तो वसूल व्हायचा की नाही, हे कुणालाच माहीत नव्हतं. वाडीतले लोक म्हणाले, एका पत्रापायी पोराची नोकरी गेली, पेन्शन गेली, घर बसलं.

पण हे सगळं नंतरचं. साक्ष झाली त्या दिवशी दुपारी लीला, नीलिमा आणि गुंडा कराडच्या स्टँडवर सांगलीच्या गाडीची वाट बघत होते. धोंडुबाई तिथंच, उसाच्या रसाच्या गाड्याच्या पलीकडे, हातात काही नसताना उभी होती. जोतिबा तिला मागं टाकून कोर्टातूनच निघून गेला होता. घरात पाऊल टाकलंस तर तंगडं मोडीन, असं त्यानं चारचौघांत सांगितलं होतं, आणि तो तसं करील हे तिला ठाऊक होतं.

नीलिमानं लीलाकडे बघितलं, पण काही सुचवलं नाही. आता ती कुणाला काही सुचवायला कचरत होती. गुंडा म्हणाला, मरू दे म्हातारीला, तुझी बोटं गेली तिच्यामुळं.

सांगलीची गाडी लागली. लीलानं गुंडाला जागा धरायला वर पाठवलं आणि ती धोंडुबाईकडे चालत गेली. धोंडुबाई तिच्या पायांशी वाकायला लागली. लीला मागं सरकली.

"आत्ती, वाकू नगा," ती म्हणाली. "तुमी आज बोलला म्हणून त्यो दिस माझ्या डोक्यातनं जाणार न्हाई. तुमी कडी काढली असती तर माझा हात हुता. ही गोष्ट मी मरेस्तोवर इसरणार न्हाई."

धोंडुबाई सरळ उभी राहिली.

"माझ्या घरात मी तुमास्नी ठेवणार न्हाई. सांगलीला बायकांसाठी सरकारी वसतिगृह हाय. वकीलबाईंचं वळखीचं हाय. जागा असंल तर मिळंल. पोटगीचा अर्ज तुमालाबी करता येतो, त्याला वयाची आडकाठी न्हाई."

"मामंजींच्या इरुद्ध?" धोंडुबाईनं विचारलं. सुनेशी बोलताना ती नवऱ्याला नेहमी असंच म्हणायची.

"त्यांच्याच."

कंडक्टरनं घंटी मारली. लीला वळून गाडीकडे चालायला लागली. तिनं मागं बघितलं नाही, पण पायरीवर चढताना थोडी थांबली, एक माणूस चढायला लागेल एवढा वेळ. गुंडानं धरलेल्या जागेवर ती नीलिमाशेजारी बसली. धोंडुबाई चढली आणि ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर, एकटी, तोंड खिडकीकडे करून बसली.

कंडक्टर तिच्यापाशी आला तेव्हा ती गडबडली. लीलानं आपल्या जागेवरून हात वर करून सांगितलं, "चार तिकिटं, सांगली."